खुर्ची गेली, मसुदा राहिला

कायद्याचा अभ्यासक मंत्री झाला की त्याच्याविषयी आपल्याकडे दोन ठरीव शेरे मारले जातात. काम तडीस गेले नाही तर ‘पुस्तकी माणूस, राजकारण जमले नाही’, आणि तडीस गेले तर ‘सत्तेने विद्वानालाही वाकवले’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कायदेमंत्रिपदाच्या वाट्याला पहिला शेरा आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते मंत्री झाले, २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि हिंदूंचा विवाह, घटस्फोट व वारसा यांचा कायदा एकत्र बांधणाऱ्या ज्या हिंदू कोड बिलासाठी त्यांनी आपली विद्वत्ता पणाला लावली, ते त्यांच्या हातून मंजूर झाले नाही. मंत्री म्हणून ते अयशस्वी ठरले, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो चुकीचा आहे. गडहिंग्लजसारख्या तालुक्यातून पाहिले तर ही चूक अधिक स्पष्ट दिसते, कारण लग्न, काडीमोड आणि वारसा या प्रश्नांवर हा मुलूख आधी राजाच्या हुकमाखाली जगला आणि मग संसदेच्या कायद्याखाली.

संस्थानी काळात गडहिंग्लज हा कोल्हापूरचा एक पेटा होता. १९१७ ते १९२० या तीन-चार वर्षांत राजर्षी शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाची नोंदणी, आंतरजातीय विवाह, काडीमोड आणि स्त्रियांना दिली जाणारी क्रूर वागणूक यांविषयी एकापाठोपाठ एक कायदे केले. जोगतिणींविषयीचा, म्हणजे देवाला सोडलेल्या मुलींविषयीचा, कायदा जानेवारी १९२० चा. दिल्लीच्या सभागृहात तीस वर्षांनंतर ज्या विषयांवरून रणे माजली, ते विषय करवीर दरबाराने एका सहीत निकालात काढले होते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण आंबेडकरांना बहिष्कृतांचे पुढारी म्हणून गौरवले. त्यामुळे या दोन कायदेकारांची तुलना बाहेरून आणलेली नाही. ती याच मातीतली आहे.

महाराजांच्या कायद्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण हुकूम लवकर येतो, त्याची कारणे घरोघर उशिरा पोचतात. राजाला कोणाचे मन वळवावे लागत नाही, म्हणून प्रजेला स्वतःशी वाद घालावा लागत नाही. जोगतिणींविषयी कायदा होऊनही सौंदत्तीच्या यल्लमाला मुली सोडण्याची चाल या सीमाभागात पुढची पन्नास वर्षे चालूच राहिली. सत्तरच्या दशकात गडहिंग्लजमध्येच देवदासींची परिषद भरवावी लागली, प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून तोच युक्तिवाद पहिल्यापासून मांडावा लागला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा तर २००५ चा आहे. दरबाराने टाळलेला वाद कार्यकर्त्यांनी पुढच्या पिढ्यांत घातला.

आंबेडकरांचा मार्ग नेमका उलटा होता, आणि त्याचे मूळ त्यांच्या पेशात होते. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन असे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. त्यांनी हायकोर्टात वकिली केली, हिशेबनिसांच्या वर्गाला व्यापारी कायदा शिकवला आणि १९३५ ते १९३८ या काळात ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ अशी चार वर्षे त्यांनी मजूर खाते सांभाळले. मंत्रिपदावर आला तो नुसता पंडित नव्हता. वर्ग, कोर्ट आणि कचेरी या तिन्हींचा सराव असलेला तो माणूस होता. दोनच आठवड्यांत त्यांच्याकडे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपदही आले.

हिंदू कोड बिल त्यांनी शून्यातून रचले नव्हते. बेनेगल नरसिंह राव समितीचा मसुदा आधीपासून होता. आंबेडकरांनी तो चिकित्सा समितीतून नेताना अधिक धारदार केला: मुलीला निम्म्याऐवजी मुलाइतका वाटा. मिताक्षरा पद्धतीतला, वडिलोपार्जित मालमत्तेवरचा मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क रद्द करण्याची तरतूदही त्यात होती. १९४९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावर चर्चा रंगली, त्याच सुमारास, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. एका बाजूला हुकमाने झालेले कायदे इतिहासात जमा होत होते, दुसऱ्या बाजूला तेच प्रश्न सभागृहात नव्याने उभे राहत होते.

विरोधक धर्मशास्त्राचा आधार घेत, म्हणून आंबेडकरही शास्त्र आणि रूढी घेऊनच उत्तर देत. घटस्फोट हिंदूंना परका आहे, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे होते की हिंदू समाजात बहुसंख्य शूद्र आहेत आणि त्यांच्यात रूढीने घटस्फोट चालतच आला आहे. मूठभरांचा आचार सगळ्यांवर कायदा म्हणून का लादायचा? काडीमोड आणि पाट पाहत वाढलेल्या कोल्हापूरकडच्या माणसाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात रूढीने मिळणारा घटस्फोट कलम २९ खाली शाबूत राहिला.

तरीही बिल पडले. काँग्रेस पक्षातूनच कडवा विरोध होता, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद नाराज होते, निवडणूक तोंडावर आली होती. सप्टेंबर १९५१ मध्ये फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग घ्यायचे ठरले, चार कलमे झाली आणि तोही भाग सोडून देण्यात आला. आंबेडकरांनी राजीनाम्याची कारणे लिहून काढली. अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, आपल्याला नियोजनासारख्या कामांपासून दूर ठेवणे, अशी कारणे त्यात होती आणि शेवटी हिंदू कोड. १० ऑक्टोबरला निवेदनाची प्रत आधी मागितली गेली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. खुर्ची सोडतानाही त्यांनी कारणमीमांसा सोडली नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कारणमीमांसेने कायदे होत नाहीत, मतांनी होतात. १९५२ मध्ये आंबेडकर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले. नेहरूंनी निवडणूक जिंकून बिलाचे तुकडे केले आणि १९५५-५६ मध्ये चार कायदे मंजूर करून घेतले. विवाह आणि वारसा हे त्यांतले दोन कायदे लोकसभेत नेटाने पार नेणारे हरिभाऊ पाटसकर हे महाराष्ट्रातलेच वकील, पण पक्षात मुरलेले. पाटसकरांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. विद्वानाला संख्याबळ लागते, हे आंबेडकरांनाही माहीत होते.

पण पाटसकरांच्या हाती आलेला मसुदा कोणाचा होता? आणि तडजोडीत त्यातून काय गळाले? १९५६ च्या वारसा कायद्याने मिताक्षरा एकत्र कुटुंब ठेवले, जन्मसिद्ध हक्क मुलग्यांचाच राहिला. जे गळाले तेच पुढे पुन्हा मागावे लागले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून अविवाहित मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने वाटेकरी, केले, केंद्राने २००५ मध्ये सर्व मुलींना. आंबेडकरांनी त्यासाठी जन्मसिद्ध हक्कच काढायचे ठरवले होते, संसदेने तो मुलींनाही दिला. वाट वेगळी, पण समान वाट्याचा मुद्दा १९५१ मध्ये पडलेल्या मसुद्याचाच. कारणांसह मांडलेला पराभूत मसुदा असा परत येत राहतो.

स्पेनचे उदाहरण हेच सांगते. ग्रानादा विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक फर्नांदो दे लोस रिओस १९३१ मध्ये प्रजासत्ताकाचे न्यायमंत्री झाले. त्या प्रजासत्ताकाने १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, फ्रँकोने तो रद्द केला आणि दे लोस रिओस १९४९ मध्ये न्यूयॉर्कला निर्वासित म्हणून वारले. स्पेनमध्ये घटस्फोट परत आला १९८१ मध्ये.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. हरी रामचंद्र गोखले मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते, १९७१ ते १९७७ कायदेमंत्री होते. आणीबाणीतील बेचाळिसावी घटनादुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतली. संख्याबळ भरपूर, विद्वत्ताही होती. पण सत्तेने आधी ठरवलेल्या गोष्टीला कायद्याची भाषा पुरवणे एवढेच तिच्याकडे उरले, आणि त्या दुरुस्तीचा मोठा भाग दोन वर्षांत पुसला गेला. याउलट सरकारी लॉ कॉलेजात शिकवलेले मो. क. छागला १९६७ मध्ये भाषाधोरणावरून परराष्ट्रमंत्रिपद सोडून गेले आणि आणीबाणीत उघडपणे बोलले. विद्वान मंत्र्याला तोलायचे तर तो किती वर्षे टिकला हे दुय्यम आहे. कोणत्या मुद्द्यावर तो खुर्ची सोडेल आणि सोडताना लोकांना कारण सांगेल का, हे पाहावे. या कसोटीवर आंबेडकरांची चार वर्षे गोखल्यांच्या सहा वर्षांहून मोठी ठरतात.

आता राहिले आपले काम. गडहिंग्लज असो की आजरा, चंदगड, बापाच्या पश्चात वारस नोंदीला बहिणीचे नाव लागते आणि काही दिवसांत ती दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर सही करते, कारण तिला माहेर तोडायचे नसते. कायद्याने दिलेले घराने परत घेतले, आणि तेही तिच्याच सहीने. जो वाद आंबेडकरांनी सभागृहात घातला, तो प्रत्येक घरात घालावा लागेल, त्याला दुसरा इलाज नाही. भावांनी एवढे करावे: बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद ठेवण्याआधी तिचा वाटा किती एकर, किती गुंठे, हे तिला मोजून सांगावे, आणि सही करायची की नाही हे ठरवायला तिला मोकळे सोडावे.