घराचा वैद्य आणि श्रावकाचं व्रत

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत धाडलं होतं. काहींचा विषय होता येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. सवडीने निघालेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी त्याची काही ना काही दखल घेतली. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या फक्त १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय शोमरोनी होता की दुसरा, याने म्हणावा तसा फरक पडला नाही.

हाच डार्ली पुढे घरांच्या वीजवापराकडे वळला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याचं हे काम जिथे झालं ती प्रिन्स्टनजवळची ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत. एकाच नकाशावर बांधलेली, भिंतीला भिंत लागून असलेली घरं. संशोधक रॉबर्ट सोकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ती वर्षानुवर्षं तपासली. आराखडा सारखा, हवा सारखी, तरी एका घराला शेजारच्या दुप्पट गॅस लागे. कुटुंब बदललं की त्याच घराचा वापरही बदले. इथवर पाहिलं तर कौल साधुसंतांच्या बाजूने जातो: भोग माणसात असतो, घरात नव्हे. पण घराचीही स्वतःची खोड निघाली. माळ्यावर इन्सुलेशन अंथरलेलं असूनही तिथून कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त उष्णता निसटत होती. धुराड्याभोवतीची फट आणि सामायिक भिंतींतल्या पोकळ विटा यांतून तळघरातली ऊब सरळ वर चढत होती. मालक कितीही संयमी असला तरी त्याला हे दिसणार कसं?

ते दाखवायला गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘घराचा वैद्य’ ही कल्पना पुढे आणली. दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायची, म्हणजे बाहेरची हवा जिथून आत घुसते त्या फटी उघड्या पडतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात थंड पट्टे उमटतात. मग दुरुस्तीचा क्रम ठरतो: आधी फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन आणि सरतेशेवटी घर तापवणारी भट्टी. उलट क्रमाने गेलं तर भट्टी गरजेपेक्षा मोठी घेतली जाते, आणि तो भुर्दंड पुढची कित्येक वर्षं भरावा लागतो. एका घरात अशा दुरुस्त्यांनी उबेसाठी लागणारी ऊर्जा सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. डार्ली आणि क्लाइव्ह सेलिगमन यांनी रहिवाशांना त्यांचा वापर वेळोवेळी कळवला. तेवढ्यानेच वीज दहा टक्क्यांच्या आसपास वाचली. धर्मोपदेश कुणी केला नव्हता.

मग बुजवलेली फट हे पुण्य म्हणायचं का? कर्मठ माणूस नाही म्हणेल. मनाचा निग्रह नाही तिथे व्रत कसलं? पण जैन श्रावकाची, म्हणजे गृहस्थ अनुयायाची, बारा व्रतं पाहिली तर हा आक्षेप लंगडा पडतो. त्यांतलं एक भोगोपभोग-परिमाण, म्हणजे उपभोगाला आधीच मर्यादा घालून घेणं. श्वेतांबर परंपरेत ‘चौदा नियम’ घेणारा श्रावक सकाळीच ठरवतो: आज इतकेच पदार्थ, इतकीच वाहनं, इतक्याच वेळा स्नान. चातुर्मासात वांगं सोडणाऱ्या मराठी घरांना ही रीत परकी नाही. यामागे स्वतःच्या मनाबद्दलचा चांगलाच अविश्वास आहे. ताट समोर आल्यावर मन काय करील याचा भरवसा नाही, म्हणून निर्णय सकाळीच उरकायचा. घाईत शोमरोनी विसरणाऱ्या विद्यार्थ्यांनी वेगळं काय सिद्ध केलं? माळ्यावरची फट बुजवणं हाही असाच आगाऊ उरकलेला निर्णय आहे; जानेवारीतल्या रात्री तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

फरक आहे तो पुढे. १८६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने दाखवून दिलं की जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागलं आणि म्हणूनच इंग्लंडचा कोळसा अधिक जळू लागला. स्वस्त झालेलं सुख माणूस जास्त घेतो. घट्ट बंद केलेल्या घरातही थर्मोस्टॅट दोन अंश वर सरकवता येतो, वाचलेल्या पैशांतून जादा खोली काढता येते. घराच्या वैद्याच्या अहवालात खिडक्या, माळा, भट्टी, खर्च आणि परतफेडीची वर्षं हे सगळं असतं. पुरे किती, हा रकाना मात्र नसतो. श्रावकाची सुरुवातच तिथून होते. आणि त्याचंही एक न्यून आहे: धुराड्याभोवतीची फट चौदा नियमांपैकी एकातही बसत नाही.