थेऊरहून पुढे

जरा स्वस्थ बसा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या, त्याला वळण लावू नका. आज एका कादंबरीकाराच्या मागोमाग सावकाश चालायचं आहे.

पहिला मुक्काम थेऊर. पुण्याहून वीस-पंचवीस किलोमीटर, मुळा-मुठेचा काठ, चिंतामणीचं देऊळ. साल 1772, कार्तिक महिना. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी अंगावर पडलेलं राज्य अकरा वर्षांत सावरून माधवराव पेशवे इथे क्षयाने विझत आहेत. वय सत्तावीस. उशाशी पत्नी रमाबाई.

डोळे मिटून त्या खोलीत उभे राहा. काय ऐकू येतं? देवळातली घंटा येईल, दारावरच्या माणसांची कुजबुज येईल. आणि खोकला. कागदपत्रांत तह सापडतात, फौजांचे आकडे सापडतात. खोकला लेखकाला स्वतःच ऐकावा लागतो. रणजित देसाईंनी तो ऐकला आणि 1962 साली ‘स्वामी’ आली. दोन वर्षांनी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे शिवछत्रपतींवरची ‘श्रीमान योगी’ही आली. वाचकाने लेखकाला घर बांधून दिलं होतं. त्या घरात ते जन्मभर राहिले असते, तर कुणी नावं ठेवली नसती.

इथे थोडं थांबू. तुमचं असं घर कोणतं? कोणतं काम आता हात आपोआप करतो, आणि लोक तुम्हाला कशासाठी ओळखतात? उत्तराची घाई नको.

आता एक पाऊल मागे, चंदगड तालुक्यातल्या कोवाडला. देसाई मूळचे इथले. ‘स्वामी’च्या आधी त्यांनी ‘बारी’ लिहिली होती, बेरडांच्या जगण्यावरची; ‘माझा गाव’ लिहिली होती. बारी म्हणजे डोंगरातली वाट, खिंड. म्हणजे ज्याला आपण त्यांचं घर समजत होतो, तो शनिवारवाडाही त्यांच्यासाठी कधीकाळी परका मुलूखच होता. ते तिथे पाहुणे म्हणून गेले आणि आपण त्यांना तिथलेच समजून बसलो.

दुसरा मुक्काम हस्तिनापूर. 1973 साली कर्णावरची ‘राधेय’ आली. इथे दफ्तर नाही, बखर नाही, तारीख नाही. आधाराला एक महाकाव्य आणि तेही सगळ्यांना पाठ. रंगभूमीवर शस्त्रविद्येची परीक्षा चालली आहे. कर्णाने अर्जुनाला आव्हान दिलं आहे, अंगदेशाचं राज्य नुकतंच पदरात पडलं आहे. तेवढ्यात त्याला वाढवणारा सारथी, घामाने डबडबलेला म्हातारा अधिरथ काठी टेकत येतो. कर्ण भरल्या सभेत त्याच्यापुढे मस्तक वाकवतो, आणि भीम हसतो. ते हसू कानांत राहू द्या. पेशवाईचे तपशील इथे कामाचे नाहीत, पण एकट्या माणसाची घुसमट ओळखणारा कान कामाला येतो. सामान मागे राहतं, कान बरोबर येतो.

तिसरा मुक्काम आणखी लांब. केरळातलं किळिमानूर, आणि तिथून त्रावणकोरचा दरबार. कादंबरी ‘राजा रविवर्मा’, साल 1984. इथे एकटा कान पुरत नाही, डोळा लागतो. तैलरंगाची चमक, साडीची चुणी, कातडीवरचा उजेड शब्दांत धरायचा. खुद्द रविवर्म्याची तरुणपणची गोष्ट आठवा. दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला होता. तो शिकवायला राजी नव्हता, नुसतं बघू द्यायला तयार झाला. तरुण पोर बघत राहिलं. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याच पोराच्या चित्राला बक्षीस मिळालं. पुढे त्याने मुंबईत छापखाना काढला. नंतर तो छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात आल्या. असा माणूस लिहायचा, तर लेखकालाही आधी नुसतं बघत बसावं लागतं.

श्वास एकदा खोल घ्या. सोडा.

शेवटचा मुक्काम रानात. देसाईंची ‘शेकरा’ नावाची कादंबरी आहे. नायक एक शेकरू, झाडाच्या शेंड्यावर राहणारी झुपकेदार शेपटीची मोठी खार. तिथे ना दरबार, ना तलवार. ज्या लेखकाचे संवाद लोकांनी तोंडपाठ केले, नाटकांतून टाळ्या घेतल्या, त्याने बोलताच न येणारा जीव निवडला. हातातलं सर्वांत धारदार हत्यार खाली ठेवून तो फांदीवर जाऊन बसला.

आता स्वतःकडे या. मघाचं तुमचं घर आठवा. त्याच्या उंबऱ्यावर उभे राहा. बाहेर एक वाट आहे, तिची तुम्हाला माहिती नाही. तिथे कोणता दिवा जळतो, माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, हे विचारावं लागेल. विचारताना थोडी लाज वाटेल. वाटू द्या.

बरोबर काय न्यायचं ते एकदा चाचपून पाहा. मान नेता येत नाही, सवयही फार नेऊ नये. इतक्या वर्षांत कमावलेला कान मात्र न्या.

डोळे उघडा. आज जमलं तर ज्या विषयातलं तुम्हाला काहीच कळत नाही, त्यातलं एखादं पुस्तक काढा आणि पहिलं पान सावकाश वाचा.