साधनाचे ऋण

एखादी वस्तू ‘माझी’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? पावती आपल्या नावाची आहे एवढाच त्याचा अर्थ असेल, तर प्रश्न तेथेच मिटला. परंतु काही वस्तू पावतीच्या जोरावर घरात येतात, तरी तेवढ्याने आपल्या होत नाहीत. सतार विकत घेतल्याने कोणी सतारिया होत नाही, आणि ग्रंथांनी भरलेले कपाट हे विद्वत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हे आपण सहज मान्य करतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. ज्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा तो छायाचित्रकार, असे जग समजते. त्याला वाट करून देते, त्याच्यापुढे हसते, क्वचित त्याला भितेही. हा मान माणसाचा नसून यंत्राचा असतो. म्हणूनच अशा यंत्रावर आपला अधिकार कोणत्या आधारावर उभा राहतो, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे आणि माझ्यापाशी व्यावसायिक दर्जाचा डिजिटल एसएलआर कॅमेरा आहे. ही दोन विधाने शेजारी ठेवली की त्यांच्यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी. आपण सरकारी नोकर १९६४ च्या वर्तणूक नियमांनी बांधलेले आहोत. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली, तर महिन्याभरात ते वरिष्ठांना कळवावे लागते. त्याच नियमावलीने आपल्याला पूर्वपरवानगीशिवाय कोणताही धंदा करण्यास मनाई केली आहे. साहित्य, कला वा विज्ञान या क्षेत्रांतील प्रासंगिक कामाची तेवढी मोकळीक आहे, तीही कार्यालयीन कामात खंड पडणार नाही या अटीवर. म्हणजे व्यवसायासाठी घडवलेले साधन, ज्याला व्यवसाय करण्यास बंदी आहे अशा माणसाच्या हाती. मी रीतसर खबर दिली आणि ती रीतसर नोंदली गेली. तो कागद भरताना एक गोष्ट मनात आली. पैसा कोठून आला, हे सरकार विचारते. वस्तूचे पुढे काय करणार, हे विचारत नाही. तो दुसरा प्रश्न माणसाने स्वतःलाच विचारावयाचा असतो, आणि नीतीचा प्रांत तेथून सुरू होतो.

घरातून आलेला प्रश्न त्याहून सरळ होता. याच पैशात गावाकडील घराची कौले बदलली गेली असती. या आक्षेपाला ‘छंद’ या शब्दाने उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही. छंद हा शब्द हल्ली चैनीवर पांघरूण घालण्यासाठीच अधिक वापरला जातो. अपरिग्रहाची शिकवण आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे, आणि गांधीजींनी विश्वस्तवृत्तीची कल्पना मांडून तिला नव्या काळाचा अर्थ दिला. संपत्ती ज्याच्या हाती असेल त्याने ती समाजाच्या वतीने सांभाळावी, हा तिचा मथितार्थ. ही कल्पना आपण श्रीमंतांच्या गिरण्या आणि कारखाने यांनाच लावतो. वस्तुतः मध्यमवर्गीय घरातील एकेका वस्तूलाही ती लागू पडते. आंबा खाऊन संपतो, त्यात कोणाचा हिशोब उरत नाही. साधनाचे तसे नाही. साधन जितके समर्थ, तितका ते निष्क्रिय पडून राहण्याचा दोष मोठा.

त्या यंत्राचे सामर्थ्य थोडे सांगितले पाहिजे. कोडॅक कंपनीने १९९१ साली निकॉनच्या कॅमेऱ्यावर आधारलेला पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर विक्रीस आणला. त्याच्या चित्रात सुमारे १३ लक्ष बिंदू असत. माझा निकॉन डी ८५० हा २०१७ साली बाजारात आला आणि त्याच्या चित्रात साडेचार कोटींहून अधिक बिंदू असतात. निव्वळ कॅमेऱ्याचेच वजन किलोभर भरते. त्याचे शटर दोन लक्ष वेळा उघडझाप करू शकेल, अशी त्याची चाचणी झालेली आहे. २०२० नंतर दोन्ही मोठ्या जपानी कंपन्यांनी आपले श्रेष्ठ व्यावसायिक कॅमेरे बिनआरशाचेच काढले. त्यामुळे दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरीच्या बाजारात आरशाचे कॅमेरे धंदेवाईकांच्या हातून उतरून येऊ लागले. माझाही असाच दुसऱ्या हाताचा. ज्यांचा त्यावर चरितार्थ होता त्यांनी तो टाकला आणि ज्याला त्यावर चरितार्थ करावयाचा नाही त्याने तो उचलला. अशा स्थितीत ‘अधिकार’ हा शब्द अधिकच जपून वापरावा लागतो.

या यंत्राच्या रचनेतच विचाराला चालना देणारी एक गोष्ट आहे. भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत कललेल्या आरशावर पडतो, तेथून वर जाऊन पंचकोनी लोलकात वळतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, आणि प्रकाश मागील संवेदकावर पडतो. त्या निमिषापुरता डोळ्यापुढे अंधार असतो. समोरच्याला सर्व दिसत असते, यंत्राला दिसत असते; ज्याचे म्हणून ते चित्र पुढे ओळखले जाणार, त्या एकट्याला तेवढ्यापुरते काही दिसत नाही. चित्रात जे उतरते ते आपण पाहिलेले नसतेच. पाहिले त्याच्या पाठोपाठचे असते. ‘मी टिपले’ या म्हणण्यातील ‘मी’ किती विरळ आहे, हे कळावयास एवढे पुरे. समोरच्या माणसाचा चेहरा, त्या दिवसाचा उजेड, भिंग घडवणाऱ्याचे कौशल्य, या सर्वांची मिळून ती वस्तू असते. आपला वाटा एका बोटाचा आणि थोड्या वाट पाहण्याचा.

सरकारी नोकरी आणि कॅमेरा यांचा संबंध आपल्या देशात जुना आहे, आणि त्या इतिहासात दोन वाटा स्पष्ट दिसतात. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना आपली प्रजा ‘ओळखावयाची’ होती. साडेचारशेहून अधिक छायाचित्रांत या देशातील जातीजमातींचे लोक उभे केले गेले, आणि चित्रासोबतच्या मजकुरात त्यांच्या स्वभावाचे निवाडेही दिले गेले. माणूस उभा राहिला तो माणूस म्हणून. छापला गेला तो एक नमुना म्हणून. त्याच सुमारास, १८६६ साली, रुडकीच्या महाविद्यालयात शिकलेला दीनदयाळ नावाचा तरुण इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके आणि नकाशे करण्याच्या नोकरीवर लागला. १८७४ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला, पुढे नोकरी सोडली, आणि निजामाच्या दरबारचा छायाचित्रकार म्हणून ‘राजा’ ही पदवी मिळवली. त्यांची भव्य चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र महत्त्वाची वाटते ती त्यांनी १८९२ साली हैदराबादेत काढलेली जनाना चित्रशाळा. तेथे पडद्यातील स्त्रियांची चित्रे घेण्याचे काम स्त्रीकडेच सोपवलेले होते. यात व्यवहारचातुर्य होतेच. परंतु चित्र कोणत्या अटीवर काढले जावे हे ठरवण्याचा हक्क समोर बसणाऱ्याचाही आहे, ही जाणीवही त्यात आहे. पहिल्या वाटेवर हा हक्क कोणी विचारातही घेतला नव्हता.

आपल्या भाषेने या बाबतीत फार मार्मिक शब्द निवडला आहे. इंग्रज फोटो ‘घेतो’ किंवा बंदुकीच्या भाषेत त्यावर ‘नेम धरतो’. आपणही घेतो असे म्हणतो. पण अधिक करून मराठी माणूस फोटो ‘काढतो’. चित्र काढावे, विहिरीचे पाणी काढावे, कोणाची आठवण काढावी, पायातील काटा काढावा, आणि कर्जही काढावे! या सर्व अर्थांत मला शेवटचा सर्वांत खरा वाटतो. फोटो काढणे हे कर्ज काढणेच आहे. दुसऱ्याजवळचे काही आपण आपल्याकडे आणलेले असते, आणि आणताना परतफेडीचा करार, न लिहिलेला का होईना, झालेला असतो.

घुमटांच्या आणि झाडांच्या बाबतीत हे कर्ज हलके असते. माणसांच्या बाबतीत ते किती जड होते, याचा एक प्रसंग सांगतो. जुलै २०२३ मध्ये यमुनेला मोठा पूर आला. १३ जुलैला दिल्लीत पाण्याची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. नदीकाठच्या खादरात भाजीपाला पिकवणारी कुटुंबे मयूर विहारच्या बाजूस रस्त्याच्या कडेला आणि उड्डाणपुलाखाली ताडपत्रीच्या आडोशाने राहू लागली. कॅमेरेवाले तेथे बरेच येत होते. मीही गेलो होतो. एका वयस्क बाईंना मी विचारले, त्यांनी मान डोलावली, मी चित्र काढले. मग त्यांनी शांतपणे सांगितले, की घरातली लग्नाची, मुलांची, सगळी चित्रे पाण्यात गेली. आता हेच एक असेल तर त्याची प्रत मला द्या. अन्न मागितले असते, पैसे मागितले असते, तर ते मला अपेक्षित होते. त्यांनी मागितले ते नेमके मी नेत होतो तेच.

पाणी ओसरल्यावर ही कुटुंबे पुन्हा खादरात परतली. सप्टेंबरात तिसऱ्या खेपेस त्या बाई सापडल्या. छापलेली प्रत त्यांनी पदराला हात पुसून घेतली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, चित्र चांगले आहे, पण हे माझे घर नव्हे. मग त्या उठल्या, नव्याने बांधलेल्या झोपडीच्या दारात उभ्या राहिल्या, नातवाला बोलावून शेजारी उभे केले, आणि आता काढा, असे सांगितले. कलेच्या दृष्टीने पहिले चित्र सरस होते, याबद्दल मला संशय नाही. ताडपत्रीखालून येणारा तो करडा उजेड पुन्हा मिळणारा नव्हता. दुसऱ्या चित्रात दोन माणसे ताठ उभी आहेत, एवढेच. परंतु त्या बाईंच्या झोपडीत आज लटकत असेल ते दुसरेच. आणि ‘खरे’ चित्र कोणते, याचा निकाल एकट्या कॅमेरेवाल्याने द्यावा, असे मला तेव्हापासून वाटत नाही. परतफेड म्हणजे नुसती प्रत देणे नव्हे. ज्याचे आणले, त्याला त्याच्या रूपाविषयी चार शब्द बोलण्याची जागा देणे, ही खरी परतफेड.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला. त्यानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका मुलाच्या चेहऱ्याची चित्रे रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी घेतली. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचा जागतिक वृत्तछायाचित्राचा पुरस्कार मिळाला. त्या मुलाचे नावही जगाला कळले नाही. तेथे कोणाची संमती, कोणाला प्रत? परवानगीची वाट पाहिली असती तर जगाने तो चेहरा पाहिलाच नसता. आक्षेप खरा आहे. परंतु त्याने कर्ज बुडत नाही, ते वारसांकडे जाते एवढेच. जे मूल मागू शकत नाही, त्याच्या वतीने न्याय मागण्याचे काम त्या चित्राला करावे लागते, आणि ते पाहणाऱ्या आपल्यालाही. असे चित्र भिंतीची शोभा म्हणून टांगले गेले, की कर्ज थकले असे समजावे. शिवाय जी सवलत अशा वेळी वृत्तछायाचित्रकाराला द्यावी लागते, ती रविवारी हिंडणाऱ्या हौशी माणसाने स्वतःला देऊ नये. त्याच्या चित्रावाचून कोणाचा न्याय अडलेला नसतो.

साधनावरील अधिकारात ते खाली ठेवण्याचाही समावेश होतो. होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या काळातील दिल्ली आपल्या कॅमेऱ्यात साठवली. आणि १९७० साली त्यांनी तो खाली ठेवला, तो कायमचा. नव्या पिढीच्या कॅमेरेवाल्यांत मर्यादा आणि सभ्यता राहिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१२ साली त्या निवर्तल्या. म्हणजे त्यानंतर चार दशके त्या त्यावाचून जगल्या. ज्याला थांबता येते, त्याचीच वस्तूवर मालकी असते, बाकीच्यांवर वस्तूची.

खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि हत्यारे पुजतो, दसऱ्याला पाटी आणि पोथ्या. मुलूख सोडून आलेल्या घरांतूनही हा पाठ चालतो, आणि माझ्या घरी दरवर्षी प्रश्न पडतो, की कॅमेरा कोणत्या ओळीत मांडावा. तो माणसाला इजा करू शकतो, म्हणून शस्त्रांत. तो माणसाची आठवण राखतो, म्हणून पोथ्यांत. आम्ही तो दोन्ही दिवशी मांडतो, आणि मला ते योग्य वाटते. गावाकडील कौले पुढच्या उन्हाळ्यात बदलावयाची आहेत. त्या खर्चाने कॅमेऱ्याचा प्रश्न सुटणार नाही, कारण तो पैशाचा नव्हताच. आपण आजवर किती चित्रे काढली, याचा आकडा हे यंत्र आपल्या पोटात अचूक जपून ठेवते. त्यांपैकी किती ज्याची त्याला पोहोचली, हा आकडा ठेवण्याची सोय मात्र त्यात नाही. तो कारकुनाने स्वतःच्या वहीत लिहावा.