नोंद आणि योग्यता

जें कोणास सांपडत नाहीं, तें आहे असें म्हणावें काय? हा प्रश्न वरवर तर्कशास्त्रांतला वाटेल; परंतु गेल्या वर्षीं तो आमच्यापुढें अगदीं घरगुती वेषांत उभा राहिला. मराठी छंदांवर तीस वर्षें जमविलेलीं आमचीं टिपणें एका जुन्या विद्यार्थ्यानें हौसेनें संकेतस्थळावर मांडून दिलीं. पुढें दोन महिने आम्ही रोज रात्रीं शोधयंत्रांत आमचींच वाक्यें घालून पाहत होतों. आमचें पान कांहीं केल्या येईना. ‘आपलें लिहिणें जगास नको आहे’ येथपासून ‘यंत्रास मराठीची कदर कोठून असणार’ येथपर्यंत खेदाच्या सर्व पायऱ्या आम्ही चढलों. अखेर विद्यार्थ्यानेंच कारण शोधलें. काम अपुरें असतांना ‘या पानाची नोंद करूं नये’ अशी सूचना त्यानें पानांत घातली होती, ती काढावयाची राहून गेली होती. यंत्रानें आमचीच आज्ञा पाळली होती!

या फजितीनंतर आम्हीं यंत्राची रीत समजून घेतली. त्याचे संगणकीय दूत एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात. पाहिलेल्या पानांपैकीं निवडक पानें सूचींत घेतलीं जातात. आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर साऱ्या जगांतून नव्हे, तर या सूचींतून येतें. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाहीं, तें रस्ता नसलेल्या वाडीसारखें होय. म्हणून मालक आपल्या पानांची यादी यंत्राकडे धाडतो. पण ती विनंती असते, हक्क नव्हे. पान नोंदलें जाईलच अशी हमी नाहीं, आणि त्यासाठीं पैसेही घेतले जात नाहींत, असें गूगल कंपनीनें जाहीरच केलें आहे. तिचे संस्थापक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं १९९८ सालीं मांडलेल्या पद्धतींत पानाचें महत्त्व त्याच्याकडे किती दुवे येतात, व ते देणारीं पानें स्वतः किती महत्त्वाचीं आहेत, यांवरून ठरे. थोरांनीं ज्यास थोर म्हटलें तो थोर, हा न्याय समाजास नवा नाहीं.

येथें शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ची आठवण होते. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांची ती नोंद. नामांकित ग्रंथ आणि विस्मृत चोपडें यांस तींत सारखाच आश्रय. कारण तेथें नोंद ही अस्तित्वाची साक्ष आहे, प्रशस्तिपत्र नव्हे. नवी सूची निवड करते, म्हणून नोंद म्हणजेच योग्यता असा भ्रम होतो. तो टाळावयास हवा. परंतु ‘चांगलें असेल तें आपोआप सांपडेल’ असें म्हणून स्वस्थ बसणें हाही विनय नसून अहंकारच होय. पाणपोई वाटेवर घालावी, हें घालणाऱ्याचें कर्तव्य; किती जण पाणी प्याले यावरून मात्र पाण्याची गोडी ठरत नाहीं.

आम्हीं हें कर्तव्य कितपत केलें होतें? ओवी आणि अभंग यांत भेद काय, असें एखादा विद्यार्थी विचारील. आमच्या पानाचा मथळा मात्र ‘कांहीं संकीर्ण विचार’ असा होता! त्या मुलाला आपलें पान कसें सांपडेल, हा विचार दोन महिन्यांत आम्हांस एकदांही शिवला नव्हता.

मथळा बदलला, ती सूचना काढली, आणि कांहीं दिवसांनीं पानाची नोंद झाली. त्या रात्रीं आम्हीं शोधयंत्रांत प्रथम काय घालून पाहिलें असेल? ओवी नव्हे, अभंगही नव्हे, स्वतःचें नांव. नोंद न झाल्याचें आमचें दुःख वाचकासाठीं होतें कीं आपल्यासाठीं, याचें उत्तर आम्हांस तेव्हां मिळालें.