तंत्रशाळेतील डिझाइन

१९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र, म्हणजे पुढे ‘आयडीसी’ या नावाने रुळलेला विभाग, सुरू झाला, तेव्हा डिझाइनचे शिक्षण कलाशाळेबाहेर पडून अभियंत्यांच्या शेजारी येऊन बसले. या केंद्राची घडी बसवणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतील उल्मच्या डिझाइन महाविद्यालयात शिकलेले होते. डिझाइन म्हणजे सजावट नव्हे, तर वस्तू, तिचा वापर आणि तिचे उत्पादन यांचा पद्धतशीर विचार, ही उल्मची भूमिका तंत्रशाळेला मानवणारी होती.

तरीही दोन्ही शिक्षणांची रीत भिन्नच राहिली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणित बहुधा मांडून मिळते. डिझाइनच्या स्टुडिओत, म्हणजे काम करता करता जेथे त्याची चिकित्सा होते अशा वर्गात, नेमके काय सोडवायचे हेच आधी ठरवावे लागते.

या दोन रीतींना एकमेकींची गरज किती, हे संगणकावरील देवनागरीत स्पष्ट दिसते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी उमटते, पण युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ती व्यंजनानंतर नोंदली जाते. ‘आचार्यांना’ मधला रफार आणि ‘आचाऱ्यांना’ मधला अर्धा र यांतला भेद मराठीला सोडून चालत नाही. असे नियम संगणकाला शिकवायला अभियंता लागतो, परंतु वेलांटीचा बाक किती पसरावा हे बोरूवर हात बसलेल्यालाच कळते. आयडीसीत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला तो याच सीमेवर. कोट्यवधी वाचकांनी तो वापरला, बहुतेकांनी कर्त्याचे नाव न जाणता.

अशा कामाला गुण कसे द्यायचे, याचे समाधानकारक उत्तर विद्यापीठीय व्यवस्थेपाशी नाही. फसलेल्या दहा नमुन्यांतून विद्यार्थी जे शिकतो ते गुणपत्रिकेत मावत नाही, आणि अकरावा देखणा नमुना मात्र भाव खाऊन जातो. डिझाइनला यंत्राच्या कवचावर अखेरीस चढवायचा मुलामा समजण्याची सवयही (ती अभियंत्यांपुरतीच आहे असे नाही) त्यातूनच बळावते.

आयडीसीच्या पदव्युत्तर वर्गात येणाऱ्यांपैकी अनेकांच्या गाठीशी अभियांत्रिकीची किंवा वास्तुकलेची पदवी असे, त्यामुळे तंत्राशी झटापट आधीच झालेली असे. २०१५ पासून बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तो आधार उरला नाही. आता ती झटापट अभ्यासक्रमातच घडवून आणावी लागते, आणि त्यासाठी कार्यशाळेतील यंत्रे, धातू आणि प्रोग्रॅमिंग यांना पहिल्याच वर्षी हात लागायला हवा, कारण केवळ दोन विभाग एका आवारात आहेत म्हणून ती झटापट आपोआप होत नाही.