रयतेचा पैसा आणि रयतेची शाळा

मोफत शिक्षणाचा विषय निघाला, की आपल्याकडे बहुधा दातृत्वाची भाषा सुरू होते. सरकारने फी माफ केली, पुस्तके वाटली, दुपारचे जेवण घातले, असा उपकारांचा पाढा वाचला जातो, आणि ज्याच्या श्रमावर हा सारा व्यवहार चालतो तो माणूस त्यात धनको म्हणून नव्हे, तर याचक म्हणून उभा केला जातो. या भाषेचे मूळच उखडून टाकणारा एक दस्तऐवज आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला, याचा भिलाईसारख्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाने तरी विसर पडू देऊ नये.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. आणि ही ओळख त्या लेखनाच्या रोमरोमांत भिनलेली आहे, कारण तो हिशेब जाणणाऱ्या माणसाचा युक्तिवाद आहे. सरकारच्या खजिन्यात पडणाऱ्या वसुलाचा फार मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि विद्याखात्याचा पैसा मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो. तेव्हा बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांच्या लेखी कृपेची याचना नसून थकलेल्या बाकीचा तगादा होता. ते एवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षकास दरमहा निदान बारा रुपये मिळावेत, मोडी आणि बाळबोध, जमाखर्च, शेतकीची मूलतत्त्वे व आरोग्याचे नियम शिकवावेत, असे त्यांनी तपशिलाने मांडले. आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्याला लाज वाटणार नाही, असा कुणबाऊ घरातला शिक्षक मागितला. शाळा कोणाच्या पैशाने, कोणासाठी आणि कोणाच्या हातून चालावी, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकाच श्वासात विचारले, यातच त्यांची थोरवी आहे.

अमेरिकेत होरेस मान यांनी १८३७ पासून मॅसेच्युसेट्समध्ये सर्वांसाठी सामायिक शाळेचा पुरस्कार केला, तेव्हा शिकलेला कामगार गिरणीला अधिक लाभदायक ठरतो, असे धनिकांना पटवून देण्यात त्यांची बरीच शक्ती खर्च झाली. मान यांचे कार्य मोठेच आहे. परंतु फुल्यांना श्रीमंतांची मनधरणी करावी लागली नाही, कारण त्यांच्या मते पैसा मुळात श्रीमंतांचा नव्हताच. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन सज्जनांना अर्पण केला. आणि तिकडे दक्षिणेत नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांनीच सार्वजनिक शाळांचा आग्रह सर्वांत हिरिरीने धरला होता.

पुढे बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे १९११ चे विधेयक पुढच्याच वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात मुले शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड लावण्याची तजवीज केली. संस्थानिकांना जमले ते साम्राज्याला परवडले नाही, असे मानायला मी तयार नाही. साम्राज्याची इच्छाच नव्हती.

भिलाईत हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर दुर्ग जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची जमीन पोलाद कारखान्यासाठी घेतली गेली, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि सेक्टरासेक्टरांत कारखान्याने ज्या शाळा उभारल्या त्यांनी एका पिढीचे भाग्य उजळले, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. परंतु लोखंडाचा दगड येत होता दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून, आणि तेथे ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुरांची १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली संघटना झाली, तेव्हा वेतनाच्या लढ्याबरोबर आपल्या मुलांसाठी शाळा काढण्याचे कामही त्या मजुरांना स्वतःच्याच अंगावर घ्यावे लागले. ज्यांनी दगड फोडला त्यांचीच पाटी कोरी राहावी, ही तीच जुनी थकबाकी होय.

आज छत्तीसगढ शासनाच्या स्वामी आत्मानंद शाळांत मोफत इंग्रजी शिक्षण मिळते, आणि अर्ज जागांहून अधिक आले म्हणजे सोडत काढून प्रवेश ठरतो. शाळा चांगल्या आहेत म्हणूनच रीघ लागते, हे मान्य. परंतु ज्याचे घेणे निर्विवाद आहे त्याच्या नावाची चिठ्ठी टाकणे कोणत्याही प्रामाणिक खतावणीत बसत नाही.

राहिला प्रश्न शिक्षकाचा. छत्तीसगढीला २००७ साली राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी खेड्यातल्या मुलाला पहिलीत पाऊल ठेवताच आईची बोली उंबऱ्याबाहेर सोडून बहुधा हिंदीशी झुंजावे लागते. फुल्यांना हवा होता तो रयतेत मिसळणारा शिक्षक येथे या बोलीत बोलणारा असला पाहिजे, आणि प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत छत्तीसगढीच्या ज्ञानाची अट घालावी, ही मागणी येथल्या मराठी मंडळींनी आपल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांबरोबर सरकारदरबारी लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.