अस्त्र आणि उपसंहार

महाभारताच्या वनपर्वात एक प्रसंग आहे, आणि कीर्तनकारांच्या वाट्याला तो फारसा आलेला नाही. पाच वर्षे स्वर्गात राहून, निवातकवच दानवांचा संहार करून अर्जुन परतला, तेव्हा ज्या अस्त्रांनी हे सारे साधले ती एकदा डोळ्यांनी पाहावीत अशी इच्छा धर्मराजाला झाली. कोणावर राग नव्हता, कोणाचे राज्य घ्यायचे नव्हते, केवळ भावाने संपादन केलेल्या विद्येचे कौतुक होते. दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी शुचिर्भूत होऊन अर्जुनाने अस्त्रे योजण्यास आरंभ करताच पृथ्वी कापू लागली, समुद्र खवळले, वारा पडला, भूगर्भातले जीव वर येऊन हात जोडून उभे राहिले, आणि अखेर नारदाला येऊन सांगावे लागले, की लक्ष्यावाचून अस्त्र योजू नये, आणि लक्ष्य असले तरी स्वतः संकटात सापडल्यावाचून योजू नये.

ब्रिटनच्या पार्लमेंटपुढे २०१८ साली घातक हत्यारांविषयीचे जे विधेयक आले, त्याची हकीकत वाचताना हा प्रसंग मला वारंवार आठवला. नळीच्या तोंडाशी ज्या रायफलीच्या गोळीत १३,६०० ज्यूलांहून अधिक ऊर्जा असेल, ती खासगी माणसाच्या ताब्यात असू नये, असे त्यात एक कलम होते. आणि त्याचा रोख मुख्यतः पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या गोळीच्या, रायफलींवर होता. हरणाच्या शिकारीच्या रायफलीत याच्या पाव हिश्शाच्या आसपास जोर असतो. या अजस्र रायफली बाळगणारी मंडळी तिकडे मूठभर, आणि त्यांना शिकारीचेही अगत्य नाही; पोटावर आडवे पडून, वाऱ्याचा अदमास घेत, हजार यार्डांपलीकडच्या लक्ष्याला भोक पाडायचे, एवढाच त्यांचा आनंद. गृहखात्याचे म्हणणे असे, की ही गोळी मैलभरावरून मोटार निकामी करू शकते. हे हत्यार दहशतवाद्याच्या हाती पडले तर? शंका अगदीच हवेतली नव्हती, कारण १९९० नंतरच्या दशकात उत्तर आयर्लंडच्या दक्षिण आर्मा भागात याच जातीच्या रायफलींनी सैनिक टिपले गेले होते. मात्र त्या अमेरिकेतून चोरून आणलेल्या होत्या, कोणा परवानेदाराच्या कपाटातल्या नव्हत्या.

नेमबाजांनी विचारले, आमचा अपराध कोणता? दंड अपराधामागून यावा, त्याच्या पुढे धावू नये, हे तत्त्व कोणत्याही न्यायासनाला मान्य करावेच लागते, म्हणून हा प्रश्न कायद्याचा दिसतो. परंतु मुळात तो धर्मविचाराचा आहे, कारण दोष कर्त्याच्या चित्तात वसतो की त्याच्या हातातल्या साधनात, याचा निकाल लागल्याखेरीज त्याला उत्तर नाही. सुरी आणि वैद्य हा घासून गुळगुळीत झालेला दृष्टांत मी येथे देत नाही. त्याहून मोलाचा विचार जैनांच्या श्रावकाचारात आहे. समंतभद्राच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेचे, जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘हिंसादान’ हा एक आहे: परशू, तलवार, अग्नी, साखळदंड अशी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हेच पाप, मग घेणाऱ्याने त्यांचे काही करो वा न करो. त्या यादीत कुदळही आहे. कुदळीपाशी मी बराच वेळ थबकलो. कारण कुदळ जर हिंसेचे साधन, तर अर्ध्या इंचाच्या गोळीची वकिली कोणत्या तोंडाने करायची? तथापि हे व्रत श्रावकाने आपखुशीने घ्यायचे असते. सरकारने शिपायाकरवी घ्यायला लावलेले व्रत हे व्रत नव्हे, ती जप्ती होय.

आमच्या परंपरेचा स्वाभाविक कल ‘अधिकारा’कडे आहे: वस्तू निंद्य नाही, पात्र पाहून द्यावी. परंतु पात्रता पाहणार कोण? १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत एका इसमाने सोळा बालके आणि त्यांची शिक्षिका यांना ठार मारले, आणि त्याची पिस्तुले रीतसर परवान्याची होती. दप्तरात त्याचा कागद चोख होता; चित्त पाहण्याचे दप्तर कोणत्याच सरकारपाशी नसते. पुढल्याच वर्षी ब्रिटनने खासगी पिस्तुले जवळजवळ सरसकट बंद केली, आणि हजारो निरपराध नेमबाजांनी आपली हत्यारे आणून दिली. ज्यांच्या घरातली मुले त्या दिवशी शाळेतून परतली नाहीत, त्यांच्यासमोर उभे राहून अपराधाविना दंड हा अन्याय होय, असे बोलण्याचे धैर्य मला तरी होणार नाही.

माझ्या आजोबांपाशी ठासणीची एक बंदूक होती. कोकणात रानडुकरे आणि वानर यांच्यापासून शेत राखण्यासाठी तिचा परवाना होता, आणि खंडेनवमीला कोयता, पहार, आडकित्ता यांच्या ओळीत तिलाही झेंडूची माळ पडे. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करावी लागे. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने नेत, ठाणे अंमलदाराकडून पावती घेत, आणि दोन महिन्यांनी परत आणीत तेव्हा नळीवर गंजाचे तांबूस ठिपके धरलेले असत. मग खोबरेल तेलात भिजवलेल्या चिंधीने सबंध दुपारभर ते ती पुसत बसत. एकदा मी विचारले, तुम्ही काय कोणाला मारणार होता का? ते म्हणाले, “मी नाही रे. पण घेऊन जायला सांगतात ते मला नाही सांगत, बंदुकीला सांगतात.” हा भेद त्यांना कोणी शिकवला होता, देव जाणे.

सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याने इषिकेवर, म्हणजे गवताच्या काडीवर, ब्रह्मशिर अस्त्र योजले, अर्जुनाने प्रत्यस्त्र सोडले, आणि व्यास-नारद मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता येईना, आणि त्याची झळ उत्तरेच्या गर्भाला लागली. तेव्हा महाभारताने अधिकाराची कसोटी नेमबाजीत ठेवली नाही, उपसंहारात, म्हणजे सोडलेले अस्त्र आवरण्यात, ठेवली. गोळीला तर उपसंहारच नाही. चाप ओढल्यावर ती व्यासाचेही ऐकणार नाही. म्हणून तिचा उपसंहार चापाच्या अलीकडे, कपाटात, कुलपात, परवान्याच्या फेरतपासणीत व्हावा लागतो. तिकडे ब्रिटनमध्ये खुद्द सत्ताधारी हुजूर पक्षाच्याच सभासदांचा विरोध पाहून सरकारने अजस्र रायफलींविषयीचे ते कलम मागे घेतले, आणि २०१९ चा कायदा त्यावाचून झाला; झटपट झाडता येणाऱ्या काही रायफलींवर मात्र त्यात बंदी आली. माझ्या मते हा निर्णय योग्य झाला, पण एका शर्तीवर: ज्याला मैलभर पोचणारी गोळी हवी, त्याने कुलपांविषयी तक्रार करू नये, आणि सरकारनेही कुलूप मागताना परवानेदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

आजोबा वारले तेव्हा बंदूक ठाण्यातच जमा होती. परवाना कोणी आपल्या नावे करून घेतला नाही. पावती मात्र घरात आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात.